पुना आबांचा टेनॉर

शाळेतून बोलावणं आलं की घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतोच, मग पोरगं कितीही गुणी असो. पुना सुरवाड्यांच्या पोटात तर जरा मोठाच गोळा आला, कारण बोलावणं नातीबद्दल नव्हतं. खुद्द त्यांनाच बोलावलं होतं.

"आबा, शनिवारी तुम्हाला आमच्या वर्गावर यायचंय," दप्तर खाटेवर टाकत वृषाली म्हणाली. "शिल्पा मॅडमनी सांगितलंय. तुम्ही टेनॉर आहात."

आबा भुसावळच्या लाइनीवर गँगमन म्हणून लागले आणि गँगमन म्हणूनच निवृत्त झाले. रूळ, स्लीपर, गिट्टी, ऊन हाच संसार. मधे कधीतरी वरच्यांनी गँगमनचं ट्रॅकमन केलं, तेवढीच काय ती बढती. पण ही टेनॉरची भानगड त्यांच्या कानावर कधी आली नव्हती.

"हे काय नवीन पद हाये का?" त्यांनी विचारलं. "निवृत्त मानसाले बी देतात?"

"पद नाही हो आबा. आवाज! पुरुषांचा आवाज तीन तऱ्हेचा असतो. खालचा, मधला आणि वरचा. वरच्याला टेनॉर म्हणतात. मॅडमनी विचारलं, कोणाच्या घरी असा आवाज आहे का? मी हात वर केला."

इथे आबांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. कारण ही पोरगी फैजपूरच्या शाळेतून नाव काढून जूनमध्ये भुसावळच्या या मोठ्या शाळेत आली होती, आणि तेव्हापासून तिनं वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. तिचा बाप आकाश दर महिन्याला बाईंना भेटून यायचा आणि तोंड पाडून सांगायचा, "पोरगी बोलतच नाही म्हणतात." आणि आता हात वर केला तो कशासाठी, तर आजोबांच्या गळ्यासाठी!

"मी सांगितलं, आमच्या आबांच्या आवाजावर माणसं रूळ उचलायची," वृषाली पुढे म्हणाली. "सगळे हसले. म्हणाले, फेकते. आता तुम्ही येऊन दाखवा."

ती एवढं बोलून हातपाय धुवायला गेली.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण ते आबा स्वतः कोणाला सांगणार नव्हते. पोरगी खोटं बोलली नव्हती. आता रूळ यंत्रानं उचलतात. आबांच्या वेळी चिमटे लावून माणसंच उचलायची, आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर रूळ हलत नसे, किंवा नको त्याच्या पायावर हलत असे. त्यासाठी एकानं हाक द्यायची असे. हाक देणारा ओळ म्हणायचा, ओळ वर वर चढवत न्यायचा, आणि ती टोकाला पोचली की सगळ्यांनी मिळून "हैश्शा!" खालचा आवाज इथे कामाचा नाही, तो रुळाखालच्या गिट्टीतच जिरतो. पुनाचा आवाज मात्र ऐन दुपारी लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचा. दुसऱ्या गँगची माणसं मुद्दाम त्याला मागून न्यायची.

इथपर्यंत सगळं शाळेत सांगण्यासारखं आहे. अडचण शब्दांची होती.

रूळ उचलणाऱ्या माणसाला देवाचं नाव ऐकून जोर येत नाही. त्याला जोर येतो हसू आल्यावर. हसणारा माणूस क्षणभर वजन विसरतो आणि तेवढ्यात रूळ उचलला जातो. म्हणून हाकेची पहिली ओळ साधीच असे, दुसऱ्या ओळीत मोठ्या साहेबाची सासू येई, तिसऱ्या ओळीत त्या सासूचं काय काय होई, आणि आवाज जिथं सगळ्यात वर जाई नेमका तिथंच तो एक शब्द असे. तो शब्द इथं छापता येत नाही. आबांच्या तमाम हाका अशाच होत्या. एकसुद्धा सोवळी नव्हती.

आणि या हाका आता सातवीच्या वर्गात, नातीसमोर!

वृषालीच्या आजी कलाबाई चुलीपाशी नव्हत्या, गॅसपाशी होत्या, पण सगळं ऐकत होत्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं. इतकी वर्षं भुसावळात काढली तरी बोलणं काही बदललं नव्हतं.

"तुम्हना तोंडमा काय काय भरेल शे, ते माले माहीत शे," त्या पोळी उलटत म्हणाल्या. "नवी नवी व्हतू तवय डबा लई येऊ लाइनवर. लाजे काजे पदर कानमा कोंबी लेऊ. पोरले कसाले हो म्हनतस? नही सांगी द्या."

"कसं नाही म्हनू?" आबा कळवळून म्हणाले. "पोरीनं हात वर केला हाये."

"मंग विहारमातलं काही म्हना. एखादं भीमगीत म्हना."

आबांनी ते मनातल्या मनात करून पाहिलं होतं. पण जयंतीला ते विहारात मागे बसून नुसत्या टाळ्या धरायचे, कारण बसून गायचं म्हटलं की त्यांचा आवाज चारचौघांसारखा होई. तो वर जायचा तो फक्त वजन बघून. शिवाय वर्गानं गाणं मागितलंच नव्हतं. ज्या आवाजानं रूळ उचलले तो आवाज मागितला होता.

दुसऱ्या दिवशी ते वनाकडे गेले. वना त्यांच्याच गँगमधला. आता मुलाच्या क्वार्टरबाहेर निंबाखाली खुर्ची टाकून दिवसभर बसलेला असे.

"जय भीम. वना, आपल्याकडं एखादी चांगली हाक होती का रे? चांगली म्हंजे बायकापोरायसमोर म्हनता येईन अशी."

वनानं आधी नीट ऐकून घेतलं, मग तो हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला, आणि आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. ती परत गेल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "चांगली? आपल्याले? अरे, आपन नांगरटीचे बैल! पन थांब, एक हाये." आणि त्यानं मान पुढे करून आबांच्या कानात एक हाक म्हटली. ती आबा पार विसरून गेले होते. ती बाकी सगळ्यांपेक्षा भयंकर होती. म्हणजे चांगली हाक मिळायची राहिली बाजूला, विसरायच्या हाकांत आणखी एकीची भर पडली.

"पुना," निघताना वना म्हणाला, "ते टेनॉर म्हंजे नेमकं काय असते?"

"वरचा आवाज म्हनतात."

"मंग तुले बोलावलं ते बराबर. पन मॅडमले हे ठाऊक हाये का, का आपला आवाज वर कायच्यानं जाते?"

आबा तसेच घराकडे वळले. शाळेला पाहिजे ते काय, आपल्याजवळ आहे ते काय, आणि या दोन्हींमध्ये ती टेनॉर नावाची फॉरेनची वस्तू नेमकी कुठे बसते, काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

वाट सापडली ती लाइनीवरच. चाल तीच ठेवायची आणि शब्दांच्या जागी स्टेशनं घालायची, असं त्यांनी ठरवलं. चाळीसगावपासून निघायचं आणि भुसावळला यायचं. चाळीसगाव, वाघळी, कजगाव, नगरदेवळा, असं करत पाचोरा, म्हसावद, शिरसोली. जळगाव आलं की आवाज चढवायचा, आणि अगदी टोकाला, जिथं तो शब्द होता तिथं, भादली. भादलीनंतर सगळ्यांनी भुसावळ म्हणून जोर लावायचा. भादली हे गाव त्या जागी बसायला अगदी सभ्य होतं.

आठवडाभर आबा अंघोळीला गेले की आतून चाळीसगाव निघायचं. कलाबाई दाराबाहेर उभ्या राहून कान द्यायच्या. दोनदा गाडी जळगावपर्यंत नीट आली आणि भादलीच्या जागी भलतंच आलं. कलाबाईंनी दारावर बुक्की मारली.

"तोंडले कुलूप लावा तुम्ही!"

"तोंडाले सवय हाये त्याची," आतून आबा रडवेल्या आवाजात म्हणाले. "मी काय करू?"

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून आबा शाळेत गेले. वर्ग मोठा, पंखे फिरत होते, समोर भिंतीवर पडदा. शिल्पा मॅडम धुळ्याच्या, वयानं लहानशा, बोलायला गोड. त्यांनी आबांना "या सर" म्हटलं. आबांनी मागे वळून पाहिलं की कोणते सर आले. मागे कोणी नव्हतं. वृषाली दुसऱ्या बाकावर ताठ बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"आज आपण टेनॉर ऐकणार आहोत," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे गाताना आपण पट्टी बघतो. तिकडे परदेशात आवाजाची जात बघतात. मलाही हे नवीनच आहे, आपण मिळूनच शिकू."

पडद्यावर काळ्या कोटातला एक जाडजूड माणूस आला. हात पसरून उभा राहिला आणि गायला लागला. आवाज हळूहळू चढला आणि चढतच गेला. वर्गात आधी शांतता, मग खुसखुस.

"मॅडम, तो रडतोय का?" एक मुलगी म्हणाली.

"त्याला कोणी मारलं का मॅडम?" मागून एक मुलगा.

"त्याचं काहीतरी हरवलंय," तिसरा म्हणाला. "तो हाका मारतोय."

मॅडमनाही हसू आलं. "असं वाटतं खरं. पण तो गातोय. फार आनंदात असेल, किंवा फार दुःखात."

"म्हणजे नक्की काय मॅडम?"

"नक्की मलाही माहीत नाही. ती भाषा मला येत नाही. आपण शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. फक्त आवाज ऐकायचा."

आबा टक लावून पडद्याकडे बघत होते. त्यांना त्या माणसाचं काही कळेना. काही उचलत नव्हता, काही ओढत नव्हता, समोर गँग नव्हती, तरी त्याच्या मानेची शीर रूळ उचलणाऱ्यासारखी तट्ट फुगली होती. हा जोर लावतो कशावर? आणि कोण सांगणार, हा काय बोलतोय ते? कोणाच्या सासूबद्दल बोलत असला तरी इथं कळणार कोणाला? त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला, आणि मग आपल्यालाच कसंतरी वाटलं.

"आता आपल्या भुसावळचे टेनॉर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आबांच्या हातात माइक दिला.

आबांनी घसा खाकरला. "चाळीसगाव," ते म्हणाले. माइकमधून बकरीनं बें करावं तसा आवाज आला. मुलं हसली. "वाघळी." पुन्हा तेच. वृषालीनं मान खाली घातली. आपण पोरीचं हसं करतोय हे आबांना लख्ख दिसत होतं, पण आवाज कुठे दडून बसला ते कळत नव्हतं. तो घरून निघताना होता. न्हाणीत तर रोज होता.

शेवटी त्यांनी माइक मॅडमना परत दिला, खाली वाकले आणि मॅडमच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. टेबल जुनं, सागवानी, कपाटाएवढं जड.

"पोरायहो," ते म्हणाले, "चार-सहा जन या. मी हाक देतो. शेवटाले मी भादली म्हनलं का तुम्ही भुसावळ म्हना अन् उचला. आधी नाही, नंतर नाही. तव्हाच."

चार-सहा जणांना बोलावलं तर अर्धा वर्ग आला. वृषालीही आली. तिनं समोरची कड धरली.

मग आबांनी हाक दिली. चाळीसगाव निघालं, कजगाव मागं पडलं, आणि पाचोऱ्यापाशी आवाज एकदम मोकळा झाला. खिडकीतल्या चिमण्या उडाल्या. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शिरसोली, जळगाव, आवाज वर, आणखी वर, आणि टोकाची जागा आली तोच तो शब्द जिभेवर येऊन उभा राहिला. तोंडाला ती वाट पाठ होती. समोर नातीचे डोळे. आबांनी दात आवळले, तो शब्द मागे ढकलला आणि त्या जागी भादली कोंबली.

"भुसावळ!" पोरं ओरडली, आणि टेबल चांगलं वीतभर उचललं गेलं.

वर्गात एकच गिल्ला झाला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "हा बघा, हा टेनॉर!" त्या म्हणाल्या. मघाशी हसलेला मुलगा वृषालीला म्हणाला, "खरंच उचलायचे ना ग ते?" निभावलं, पोरीची लाज राखली, असं त्यांनी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. पण वृषालीच्या टाळ्या मात्र इतरांच्या आधी थांबल्या, आणि हे आबांना दिसलं.

घरी जाताना दोघं चालतच निघाली. वृषाली काही बोलेना. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मोटारसायकली, रिक्षा, सायकलवाले, बाजारातून परतणाऱ्या बायका, सगळे खोळंबले होते. दीपनगरच्या वीजघराला कोळसा घेऊन जाणारी मालगाडी दूरवरून येताना दिसत होती.

"काय झालं व माय?" न राहवून आबांनी विचारलं. "चांगलं नाही झालं का?"

"झालं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आबा, तुम्ही भादली म्हणालात ना. तिथं दुसरा शब्द आहे."

आबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "कोनं सांगितलं तुले?"

"तुम्हीच. दुपारी जेवून झोपता ना, तेव्हा म्हणता. झोपेत."

"बठ्ठं?" घाबरून आबांच्या तोंडून कलाबाईंचा शब्द गेला.

"सगळं. साहेबाच्या सासूचं पण."

आबांना वाटलं, आता ही गिट्टी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. न्हाणीतला आठवडा, वनाचा ठसका, दात आवळून कोंबलेली भादली, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. जिच्यापासून लपवायचं तिलाच ते पाठ होतं. मग आपण इतका घाम कोणासाठी गाळला?

"मंग तू... तरी तू हात वर केला?"

"केला. मी शब्दांसाठी थोडाच केला? आवाजासाठी केला." तिचा आवाज जरा रडवेला झाला. "झोपेत खूप वर जातो तुमचा आवाज. आज तेवढा गेलाच नाही. भादलीला खाली आला. त्यांनी खरा ऐकलाच नाही, आणि त्यांना वाटतंय एवढाच आहे."

हे मात्र आबांच्या वर्मी लागलं. खोळंबलेल्या इतक्या माणसांत कोणालाही कळलं नसतं ते या बारक्या पोरीला कळलं होतं. खाली आला होता. तो खाली आलेला आबांनाही तिथंच जाणवला होता, आणि त्यांनी ते स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं. इतकी वर्षं लाइनीवर काढून त्यांनी एकदाही हाक अर्ध्यात सोडली नव्हती. आज सोडली, आणि जिच्यासाठी सोडली तिलाच ते नको होतं.

मालगाडी फाटकात शिरली. जमीन हादरायला लागली, माणसांचं बोलणं ऐकू येईनासं झालं. आबांनी एकवार इकडे तिकडे पाहिलं.

"कान झाक," ते ओरडले.

वृषालीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. आबांनी फाटकाचा लोखंडी दांडा धरला, डोळे मिटले आणि हाक दिली. या वेळी स्टेशनं नाहीत. पहिली ओळ, दुसरी ओळ, साहेब, साहेबाची सासू, जसंच्या तसं. गाडीचा खडखडाट एवढा की शेजारच्या माणसाला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसावेत. आवाज चढत गेला, आणखी वर गेला, आणि टोकाच्या जागी आल्यावर आबांनी काहीएक न राखता तो शब्द सोडला.

आता डोळे मिटलेल्या माणसाला गाडीचा शेवटचा डबा दिसत नाही. आयुष्य रुळांवर काढलेल्या पुना सुरवाड्यांनाही दिसला नाही. गाडी निघून गेली होती. रस्ता चिडीचूप होता, आणि त्या शांततेत तो शब्द, भुसावळच्या भर दुपारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला.

आबांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. एका बाईनं पदर तोंडाला लावला होता. एका रिक्षावाल्याचा आ वासलेला होता. फाटक वर गेलं तरी कोणी गाडी सुरू करेना.

वृषालीनं कानांवरचे हात काढले. तिची बोटं आधीपासूनच फाकलेली होती.

"हां," ती म्हणाली आणि तिनं आबांचा हात धरला. "हा टेनॉर."